कागद, टचस्क्रीन की ईमेल? अमेरिकेत मत देण्याआधी

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी मंडळींना निवडणूक आली की हमखास प्रश्न पडतो: मत द्यायचं तरी कुठल्या मार्गाने? नियम राज्यागणिक वेगळे, पण मार्ग ढोबळमानाने तीन. निवडताना मी मिशिगन विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक ॲलेक्स हॅल्डरमन यांचं काम समोर ठेवतो. हा माणूस मतदानयंत्रांवर नुसता बोलत नाही, ती उघडून दाखवतो. आपलं ईव्हीएमही त्यातून सुटलं नाही. २०१० मध्ये हैदराबादचे संगणकतज्ज्ञ हरी प्रसाद आणि नेदरलँड्सचे रॉप गोंग्राइप यांच्यासोबत त्यांनी दाखवलं, की निकाल दाखवणारा डिस्प्ले बदलला तर मोबाइलवरून आकडे फिरवता येतात. (ते यंत्र मुंबईतल्या सरकारी ताब्यातून चोरीला गेल्याच्या प्रकरणात प्रसाद यांना अटकही झाली.)

टचस्क्रीनवर बोटाने निवड केली की यंत्र मतपत्रिका छापून देतं. जॉर्जियाने २०२० साली राज्यभर आणलेल्या यंत्रांतून निघणाऱ्या कागदावर नावं असायची आणि शेजारी क्यूआर कोड. स्कॅनर वाचणार तो कोड, जो तुम्हाआम्हाला वाचता येत नाही. बरं, नावं तरी कोण तपासतं? हॅल्डरमन आणि सहकाऱ्यांनी मिशिगनमधल्या ॲन आर्बर शहराच्या सार्वजनिक वाचनालयात खोटं मतदान केंद्र मांडलं, २४१ जणांना बोलावलं आणि छापील कागदावर प्रत्येकाचं एक मत मुद्दाम बदललं. काहीच आठवण न करता कागदावर नजर टाकणारे निघाले ४० टक्के. काहीतरी चुकलंय असं केंद्रावर येऊन सांगणारे ६.६ टक्के. आपल्याकडची व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद काचेआड दिसते. इथे कागद हातात असून ही गत. उमेदवारांची यादी सोबत नेलेले आणि आठवण करून दिलेले मतदार मात्र बरेच सावध निघाले. त्यामुळे टचस्क्रीनच वाट्याला आला तर घरून यादी न्या आणि एकेक नाव ताडून बघा. दृष्टिहीनांना किंवा हात थरथरणाऱ्यांना हेच यंत्र सोयीचं, हेही खरं.

पर्याय असेल तर मी पेन उचलेन. हाताने गोल भरलेल्या कागदावर जी खूण तुम्ही करता तीच स्कॅनर मोजतो, आणि वाद झाला तर माणसंही मोजू शकतात. अर्धवट भरलेला गोल किंवा एकाच पदासाठी दोन खुणा मात्र महागात पडतात. टपालाने पाठवत असाल तर पाकिटावरची सही विसरू नका.

राहिलं इंटरनेट. पुण्यात परत येऊन राहिलेल्या अमेरिकी नागरिकांना याचा मोह होतो, कारण काही राज्यं परदेशातून ईमेलने किंवा पोर्टलवरून मत स्वीकारतात. २०१० मध्ये वॉशिंग्टन डीसीने आपली ऑनलाइन यंत्रणा चाचणीसाठी सगळ्यांना खुली केली. हॅल्डरमन आणि त्यांचे विद्यार्थी ४८ तासांतच तिच्यात शिरले, पडलेली मतं बदलली, आणि मत दिल्यावर येणाऱ्या आभाराच्या पानावर आपल्या विद्यापीठाचं विजयगीत वाजेल अशी सोय करून ठेवली. तरीही अधिकाऱ्यांना जवळजवळ दोन दिवस पत्ता नव्हता!

ईमेलचं आणखी एक. अशा वेळी गुप्ततेचा हक्क सोडल्याची सही बऱ्याच ठिकाणी घेतात, आणि तिकडचा कर्मचारी तुमचं मत बघून नव्या मतपत्रिकेवर उतरवतो. म्हणजे शेवटी कागदच, फक्त खूण दुसऱ्याच्या हातची. त्यापेक्षा पुण्याहून कुरिअर करा. पदरचे पैसे जातील आणि आठ-दहा दिवस आधी जागं व्हावं लागेल, एवढंच.