प्लिकर्स : फोन एकच, उत्तरं सगळ्या वर्गाची

चौथीच्या मुलांना फळ्यावर ८ + ४ = □ + ५ लिहून द्या आणि चौकटीत काय येईल ते विचारा. बरीचशी मुलं १२ म्हणतील, काही जण दिसेल ते सगळं मिळवून १७ म्हणतील. उत्तर आहे ७. गणितशिक्षणाच्या अभ्यासात हा प्रश्न प्रसिद्ध आहे, कारण इथे मुलांची बेरीज चुकत नाही. बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिही’ असा हुकूम, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. अशा वेळी ‘कोण सांगेल?’ म्हटलं की वर येणारे हात नेहमीचेच असतात. त्यातलं एखादं मूल ७ म्हणतं, सगळा वर्ग ‘हो बाई’ म्हणतो आणि आपण पुढच्या गणिताकडे वळतो. १२ म्हणणारे मनात १२ धरूनच बसलेले असतात.

मी प्लिकर्स हे ॲप वापरते ते या मुलांसाठी.

याची रचना अगदी साधी आहे. प्रत्येक मुलाला एक कागदी कार्ड द्यायचं. त्यावर क्यूआर कोडसारखी दिसणारी काळी चौकोनी आकृती असते आणि चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी छापलेलं असतं. जे उत्तर द्यायचं ते अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड फिरवून धरायचं. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की ॲप एकाच वेळी अनेक कार्डं वाचतं आणि कुठल्या नंबराने काय उत्तर दिलं ते नोंदवतं. नेहमीच्या संचात ४० कार्डं असतात आणि मोठ्या वर्गासाठी ६३चा संचही आहे. आपणच डाउनलोड करून छापायची. मुलांच्या हातात ना टॅब, ना पासवर्ड, ना चार्जिंगची कटकट.

यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक कार्डावरची आकृती वेगळी असते. शेजारच्याने कार्ड कसं धरलंय ते बघून आपलंही तसंच धरलं तरी उपयोग नाही, कारण दोघांचं उत्तर एक असलं तरी कार्डं वेगळी दिसतात. अक्षरंही इतकी बारीक की दोन बाकांवरून वाचता येत नाहीत. चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाची चूक बाईंना कळते, पण वर्गाला कळत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी ही गोष्ट लहान नाही. जे मूल तोंडी प्रश्नाला मान खाली घालतं, तेही कार्ड मात्र वर करतं.

हे तर पाटीनेही होतं की, असं कुणी म्हणेल. होतं, आणि मी पाटी सोडलेली नाही. उत्तर लिहून काढायचं असेल, आकृती काढायची असेल, शब्दाचं शुद्धलेखन बघायचं असेल तर ‘पाट्या वर करा’ याला तोड नाही. पण पाटी सगळ्यांना दिसते. शिवाय तीस-चाळीस पाट्यांवरून नजर फिरवली तर कुणी काय लिहिलं होतं ते तास संपेपर्यंत लक्षात राहत नाही. गुप्तता आणि नोंद या दोनच बाबतींत प्लिकर्स पाटीच्या पुढे आहे. ज्यांना या दोन्हींची गरज वाटत नाही, त्यांनी खुशाल पाटीच वापरावी.

कहूट या ऑनलाइन प्रश्नमंजुषेच्या खेळाशी तुलना नेहमी होते. कहूटमध्ये लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात. उजळणीच्या दिवशी त्याने मजा येते, वर्ग उसळतो, मान्य. पण नव्याने शिकलेल्या वजाबाकीत मला घाई नको असते. मुलाने थांबावं, बोटांवर मोजून हिशेब करावा आणि मग कार्ड फिरवावं.

आता खरी मेख सांगते. हे साधन तुमच्या प्रश्नाइतकंच चांगलं. ५२ − २८ या गणिताला २४ हे बरोबर उत्तर आणि बाकी तीन पर्याय आठवतील ते टाकले, तर किती मुलं चुकली एवढंच कळेल. त्याऐवजी मी ३६, ३४ आणि ८० ठेवते. ३६ म्हणणाऱ्याने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला, आठातून दोन गेले सहा. ३४ म्हणणाऱ्याने दशक सुटा केला खरा, पण पाचाचे चार करायचे राहिले. ८० म्हणणाऱ्याने चिन्हच पाहिलं नाही. तिघांनाही ‘परत कर’ म्हणून काय साधणार? पहिल्यासमोर काड्यांचे गठ्ठे मांडावे लागतात, दुसऱ्याला दशकाच्या अंकावर काट मारायची सवय लावावी लागते आणि तिसऱ्याला चिन्हाभोवती गोल करायला सांगितलं की बहुतेक वेळा भागतं. कोण कुठल्या रांगेतला हे अहवालात नंबरानिशी दिसतं, म्हणून दुसऱ्या दिवशीचे गट पाडणं सोपं जातं. असे पर्याय बनवायला वेळ लागतो. मुलांच्या जुन्या वह्या चाळाव्या लागतात. ॲप ते काम करून देत नाही आणि ते केल्याशिवाय ॲप घेण्यात अर्थ नाही.

उत्तरं गोळा झाल्यावर लगेच बरोबर उत्तर सांगायची घाईही नको. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर यांनी १९९०च्या दशकात कॉलेजच्या मुलांसाठी रूढ केलेली रीत प्राथमिक वर्गातही चालते. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला आपलं म्हणणं पटवायचं आणि नंतर पुन्हा कार्ड वर करायचं. १/३ मोठा की १/४ मोठा, यावर मुलं जी भांडतात ते ऐकण्यासारखं असतं. ‘चार मोठा म्हणून एक चतुर्थांश मोठा’ म्हणणाऱ्याला शेजारीण कागदाची पट्टी दुमडून दाखवते आणि माझ्या दहा मिनिटांच्या स्पष्टीकरणाने जे होत नाही ते होऊन जातं. पहिल्या फेरीचा आलेख मोठ्या पडद्यावर मात्र दाखवू नका. सर्वांत उंच खांब ज्या उत्तराचा, तिकडे अख्खा वर्ग झुकतो, मग ते चूक का असेना. फोनची स्क्रीनही मुलांना दिसू देऊ नका. तिथे उत्तरं हिरव्या-लाल रंगांत उमटतात, आणि मुलांची नजर आपल्याहून तेज असते.

कार्डांबद्दल थोडं. चकचकीत लॅमिनेशन करू नका. खिडकीचा उजेड त्यावर चमकतो आणि कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही. जाड, बिनचमकीचा कागद उत्तम. मुलं कार्ड आकृतीवर बोटं ठेवून धरतात किंवा पुढच्याच्या डोक्यामागे धरतात. दोन्हींची सवय पहिल्या आठवड्यात मोडावी लागते. सुरुवातीला ‘तुमचा आवडता ऋतू कोणता’ असले प्रश्न घालून नुसतं कार्ड धरायला शिकवा.

पहिलीच्या वर्गाला मात्र मी हे देणार नाही. मनात उत्तर शोधायचं, पर्यायाचं अक्षर लक्षात ठेवायचं आणि कार्ड फिरवून ते वर आणायचं ही तीन कामं एकदम येतात. उत्तर चुकलं की कार्ड फिरवायला चुकलं हेच कळत नाही. फार तर ‘हो की नाही’ एवढाच प्रश्न, दोन्ही बाजू आधी रंगवून घेऊन. तिसरीपासून पुढे निर्धास्त वापरा.

मर्यादा उघड आहेत. चारच पर्याय, त्यामुळे ‘का?’ हा प्रश्न इथे विचारता येत नाही. भाषेच्या तासाला मी ते क्वचितच काढते. मोफत खात्यात एका प्रश्नसंचात मोजकेच प्रश्न बसतात, पण माझं त्यावाचून अडत नाही. एका तासात दोन-तीन प्रश्नांपलीकडे गेलं की तो तास राहत नाही, परीक्षा होते. मुलांची पूर्ण नावं भरायची गरज नाही, मी फक्त हजेरी क्रमांक टाकते. कार्डाचा नंबर तोच ठेवला की वाटपही मुलंच करतात. फाटलेल्या कार्डाच्या जागी त्याच नंबराचं पान पुन्हा छापलं की काम भागतं, म्हणून मूळ फाइल जपून ठेवा.