‘द हॉबिट’, लेखकाच्याच चित्रांसह: पोरांबरोबर पावसाळ्यापासून थंडीपर्यंत वाचल्यावर

आधी निकाल सांगते. घरात किंवा शेजारीपाजारी नऊ ते बारा वर्षांची मुलं असतील आणि आठवड्यातल्या दोन-तीन संध्याकाळी त्यांना वाचून दाखवायची तुमची तयारी असेल, तर हे पुस्तक जरूर घ्या. गोष्ट आहे बिल्बो या हॉबिटची, म्हणजे माणसाहून ठेंगण्या, घरात रमणाऱ्या जीवाची: गँडाल्फ हा जादूगार त्याला थोरिन आणि त्याच्या बुटक्या (ड्वार्फ) सोबत्यांबरोबर, स्मॉग या ड्रॅगननं डोंगरात बळकावलेला त्यांचा खजिना परत मिळवायला धाडतो. मात्र जे. आर. आर. टॉल्कीन यांनी स्वतः काढलेली चित्रं आणि नकाशे ज्यात आहेत, तीच आवृत्ती घ्या. नुसत्या मजकुराच्या स्वस्त प्रती मिळतात. ॲलन ली किंवा जेमिमा कॅटलिन यांच्या चित्रांच्या देखण्या आवृत्त्याही आहेत, आणि त्या वाईट मुळीच नाहीत. पण आमच्याकडे हे पुस्तक मुलांच्या अंगात भिनलं ते लेखकाच्या हातच्या नकाशामुळे आणि त्याच्या जराशा अवघडलेल्या, पण विचार करून काढलेल्या चित्रांमुळे.

आम्ही साताऱ्यात शाहूपुरीला राहतो. एकदा पाऊस लागला की यवतेश्वरचा डोंगर ढगात जातो, क्रिकेट बंद होतं आणि इमारतीतली पोरं जिन्यात दंगा घालायला लागतात. त्यातली पाच-सहा जण आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर येऊन बसायला लागली. माझी मुलगी पाचवीत, बाकीची चौथी ते सातवीतली. काही मराठी माध्यमाची, काही सेमीची. प्रत इंग्रजी होती, म्हणून मी एक परिच्छेद वाचायचे आणि लगेच मराठीत सांगायचे. वेळ दुप्पट लागतो, पण त्याचा फायदाच झाला. मधल्या त्या क्षणात मुलं अंदाज बांधतात, आणि सातवीतली मुलगी तर काही आठवड्यांनी माझ्या आधीच सांगायला लागली. एकूण १९ प्रकरणं आहेत आणि ती लांब आहेत. एका बैठकीत एक प्रकरण उरकत नाही. गणपती, सहामाही, दिवाळी असे खंड पडत पडत आमचं वाचन थंडी सरताना संपलं.

पण सुरुवातीचे बरेच दिवस गेले ते नकाशात. थ्रोरच्या, म्हणजे थोरिनच्या आजोबांच्या, नकाशावर एक हात काढलेला आहे. त्याचं बोट डोंगराच्या चोरदरवाज्याकडे दाखवतं आणि शेजारी रून या जुन्या लिपीत मजकूर आहे. त्याचा अर्थ गँडाल्फ पहिल्याच प्रकरणात सांगतो: दार पाच फूट उंच आहे आणि तिघं शेजारीशेजारी चालू शकतील. ते इंग्रजी वाक्य मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं आणि बाजूला झाले. पोरं खुणेखाली अक्षर मांडत बसली, पण जुळेना. ‘द’ लिहायला इंग्रजीत तीन अक्षरं लागतात आणि नकाशात तर खुणा दोनच. सहावीतला एक मुलगा बराच वेळ पेन्सिल चावत बसला होता, तो एकदम म्हणाला, “काकू, टी आणि एच मिळून एकच आहे!” मग धडाधड सुटत गेलं. ‘फीट’मधल्या दोन ‘ई’ मिळून एक खूण, ‘फाइव्ह’मधल्या ‘व्ही’च्या जागी ‘यू’ची खूण. हे सगळं टॉल्कीन यांनी पुस्तकाच्या आरंभीच्या टिपणात सांगून ठेवलेलं आहे. ते टिपण मी मुद्दाम नंतर दाखवलं, तुम्हीही तसंच करा. ऑक्सफर्डमध्ये जुनी इंग्रजी शिकवणाऱ्या प्राध्यापकानं इंग्लंडातल्या खऱ्या जुन्या रून लिपीवरून घातलेलं हे कोडं आहे, म्हणून ते सुटतं. नुसत्या शोभेच्या वेड्यावाकड्या खुणा असत्या तर मुलांनी तासाभरात नाद सोडला असता.

या नकाशात पूर्व दिशा वर आहे, बुटक्यांच्या नकाशांची तीच रीत. उत्तर वर धरायची सवय असलेल्या मुलांना हे पटेना, तेव्हा मी त्यांना साताऱ्याचा नकाशा तसाच काढायला सांगितला. वर संगम माहुली आली, उजवीकडे अजिंक्यतारा, खाली यवतेश्वर आणि त्याच्याही खाली कास, डावीकडे पुण्याचा रस्ता. पूर्ण संध्याकाळ कुणाची शाळा कुठे जाते यावर वाद चालले. भूगोलाच्या तासाला दिशा इतक्या जिवंत झालेल्या मी पाहिलेल्या नाहीत.

तिसऱ्या प्रकरणात त्याच नकाशावर चंद्रप्रकाशातच दिसणारी अक्षरं सापडतात, आणि चोरदरवाजा कोणत्या दिवशी मावळतीच्या उन्हात उघडेल ते कळतं. तो दिवस म्हणजे बुटक्यांचं नवीन वर्ष: शरदातल्या शेवटच्या चांद्रमासाचा पहिला दिवस. मी हे सांगितल्यावर माझी मुलगी कालनिर्णय घेऊन आली. अश्विन आणि कार्तिक हे शरदाचे महिने, म्हणजे कार्तिकाची प्रतिपदा. म्हणजे दिवाळीचा पाडवा! तोही वर्षारंभच. टॉल्कीन यांच्या मनात आपलं पंचांग असण्याचं काही कारण नाही, पण साताऱ्यातल्या मुलांना तो दिवस परका राहिला नाही एवढं खरं. यंदाच्या किल्ल्यालाही पश्चिमेच्या अंगाला चोरवाट ठेवली गेली, मावळतीचं ऊन तिथे पडावं म्हणून विटा दोनदा हलवल्या. वर मावळे नेहमीसारखेच उभे होते, महाराज सिंहासनावर होते. ड्रॅगनला मात्र बहुमतानं मनाई झाली.

चित्रांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पैसे त्यांच्यासाठीच मोजायचे आहेत. ट्रोल नावाच्या राक्षसांचं काळंपांढरं चित्र आधी दाखवा. झाडांच्या खोडांत मधोमध शेकोटी आहे आणि ट्रोल अंधारात मिसळलेले आहेत. ते शोधण्यात मुलं इतकी गुंततात की पुढचं प्रकरण श्वास रोखून ऐकतात. स्मॉगचं रंगीत चित्र मात्र बारावं प्रकरण वाचून झाल्यावरच दाखवा. सोन्याच्या ढिगावर वेटोळं घालून पडलेला ड्रॅगन आणि खाली कोपऱ्यात अदबीनं वाकलेला बिल्बो. आमच्याकडे पहिला प्रश्न हाच आला की बिल्बोनं अंगठी घातलीय, तो अदृश्य आहे, मग दिसतो कसा? आणि ड्रॅगनच्या मानानं एवढा मोठा का? मी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं सातवीतली मुलगी म्हणाली, “तो ड्रॅगनच्या चित्रात नाहीच आहे. तो फक्त आपल्याला दिसतोय. म्हणून त्याच्याभोवती ते धुकं काढलंय.” माझ्या अंगावर काटा आला. कारण टॉल्कीन यांनी प्रकाशकांना लिहिलेल्या एका पत्रात जवळपास हेच आहे: चित्रातला हॉबिट फारच मोठा झालाय हे ते कबूल करतात, पण तो खरं तर वेगळ्या चित्रात आहे, आणि निदान माझ्या मुलांना हे कळतं, असं म्हणतात. सराईत चित्रकारानं प्रमाण बरोबर साधलं असतं, पण हा प्रश्न मुलांना पडला नसता.

पाचवं प्रकरण, म्हणजे बिल्बो आणि त्याला अंधाऱ्या गुहेत भेटलेला गॉलम यांची कोड्यांची लढत, एका दमात वाचू नका. प्रत्येक कोड्यापाशी थांबा. दातांवरच्या कोड्यात तीस पांढरे घोडे येतात, तर आमच्याकडून ताबडतोब “बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे” आलं. दात तीस की बत्तीस यावर तोंडं उघडून मोजदाद झाली. कुणाच्या तरी आजीनं दुसऱ्या दिवशी “सुपभर लाह्या, त्यात एक रुपया” पाठवलं. पुढच्या काही बैठकांत पुस्तक बाजूलाच राहिलं आणि घराघरांतली कोडी बाहेर आली. मी घाई केली नाही. आजीआजोबांकडून इतकं काही एकदम बाहेर पडायला दुसरं निमित्त मला सापडलेलं नाही.

सगळ्यात कडाक्याचं भांडण झालं ते आर्केनस्टोनवरून. थोरिन ज्या रत्नासाठी जीव टाकतो, ते बिल्बोच्या हाती लागतं. तो ते लपवतो, आणि युद्ध टळावं म्हणून रात्रीचा जाऊन समोरच्या पक्षाला देऊन येतो. ही चोरी की शहाणपण? निम्मी मुलं म्हणाली, मित्राशी दगा. एकानं पानं मागे उलटून दुसऱ्या प्रकरणातलं थोरिनचं पत्र काढलं. त्यात बिल्बोला नफ्याचा चौदावा हिस्सा कबूल केलेला आहे, तेव्हा त्यानं स्वतःचाच वाटा दिला, हा त्याचा मुद्दा. चौथीतल्या मुलीचं म्हणणं वेगळं होतं: वाटा होता तर लपवून का ठेवला? मला तर तिचं बोलणं शेवटपर्यंत खोडता आलं नाही. लहान मुलांच्या पुस्तकात नायकाला इतक्या अवघड जागी उभं करणं आणि सोपं उत्तर न देणं, यासाठी मी या लेखकाला मनापासून मानते.

आता उणिवा. तेरा बुटक्यांपैकी चार-पाच सोडले तर बाकीचे नावापुरते आहेत. मुलं सारखी विचारतात, हा कोणता? आम्ही भिंतीवर टोपीच्या रंगासकट यादी लावली, तेव्हा जरा सोपं गेलं. प्रवासाची वर्णनं मधे लांबतात. मिर्कवुडच्या जंगलात आमच्या बैठका सैल पडल्या, त्या कोळी आल्यावरच सावरल्या. ड्रॅगनला मारतो कोण, तर जो थोडंच आधी गोष्टीत आला तो बार्ड नावाचा तिरंदाज. इतका प्रवास ज्यांच्याबरोबर केला त्यांच्यापैकी कुणी नाही, याचा मुलांना खरोखर राग आला. आणि मोठी उणीव म्हणजे गोष्टीत मुलगी नाही. प्रवासात नाही, नगरात नाही, युद्धात नाही. हे माझ्या मुलीनं पहिल्या दोन प्रकरणांतच हेरलं. मी तिला उगाच समर्थन दिलं नाही, खरंच नाहीये म्हणाले. नंतर मुलींनी बिल्बोचे संवाद वाचायला घेतले आणि ते त्यांच्याकडेच राहिले.

वयाबद्दल. १९३६ मध्ये प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं. एक शिलिंग घेऊन त्यानं अभिप्राय लिहिला आणि पुढच्या सप्टेंबरात पुस्तक आलं. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल, आणि नकाशे असले की चित्रांची गरज नाही, असं त्याचं मत होतं. नकाशांचं त्याचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. वयाचं नाही. शेवटी थोरिन मरतो, त्याचे भाचे फिली आणि किलीही मरतात. आमच्या चौथीतल्या मुलीला ते जड गेलं, ती पुढच्या बैठकीला आली नाही. तिच्या आईला मी आधी कल्पना दिली होती, म्हणून निभावलं. आठ वर्षांच्या आतल्यांना हे वाचून दाखवायचं असेल तर अठरावं प्रकरण आधी स्वतः वाचा आणि ठरवा.

बाकी परिणाम एवढाच दिसला की हल्ली भिलारला, पुस्तकांच्या गावाला, गेलो तरी ही मुलं शेल्फातलं पुस्तक काढून आधी पहिली दोन पानं उघडून बघतात, नकाशा आहे का.

प्रत निवडताना एक गोष्ट नक्की तपासा. थ्रोरचा नकाशा दोन पानांच्या मधल्या शिवणीत जाता कामा नये. आमच्या प्रतीत काही खुणा नेमक्या शिवणीत गेल्या होत्या, आणि पुस्तक ताणून धरल्यानं बांधणीही सैल झाली. शेवटी मी नकाशाची मोठ्या कागदावर झेरॉक्स काढून एकेकाला दिली. ती पहिल्याच दिवशी काढा, आणि जास्तीच्या दोन काढा, कारण पेन्सिलीनं भरून त्या लगेच संपतात.