एकाच इनिटमध्ये सगळं कोंबलं: सात महिन्यांनंतर

रविवारी सोसायटीत तिघांना मेंटेनन्सचं बिल गेलं, 1 रुपयाचं. एक काका घरी आले, टेबलावर नाणं ठेवलं आणि म्हणाले, "पावती दे."

बिलाची पायथन स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) माझीच. तयार सॉफ्टवेअरला दरवर्षी पैसे कोण मोजणार, म्हणून लिहिलेली. त्यात 'रक्कम' नावाचा क्लास, म्हणजे रकमेचा साचा, आहे. "2,350.50" अशी स्ट्रिंग (मजकूर) द्या, इन्ट (पूर्णांक) द्या, फ्लोट (अंदाजे साठवलेला दशांश) द्या, इनिट (साच्यातून वस्तू बनताना चालणारं फंक्शन) आत इझइन्स्टन्सने टाइप, म्हणजे प्रकार, ओळखून सगळ्यांचं डेसिमल (अचूक दशांश) करायचा. पहिले दोन महिने मी यावर फिदा होतो. फ्लोट आधी स्ट्रिंग करून घ्यायचा हेही लक्षात ठेवलं होतं, नाहीतर डेसिमल 0.1 चं 0.1000000000000000055… करून ठेवतो.

मग खजिनदारांच्या एक्सेलमध्ये पाच ओळी एक घर सरकल्या. रकमेच्या जागी 'पार्किंग आहे?'चं ट्रू-फॉल्स आलं. आणि पायथनमध्ये बूल (ट्रू-फॉल्सचा टाइप) हा इन्टचाच पोरगा! 2.3 आवृत्तीत, म्हणजे 2003 साली, जुना कोड मोडू नये म्हणून तसा ठेवला, तो आजवर तसाच. ट्रू इन्ट म्हणून आत शिरला, झाला 1 रुपया. फॉल्स आलेल्या दोघांना शून्याचं बिल गेलं. ते अर्थातच तक्रार घेऊन आले नाहीत.

चिडून सगळं सिंगलडिस्पॅचमेथडवर नेलं (टाइपनुसार वेगळं फंक्शन निवडणारी सोय, पायथन 3.8 पासून आहे). दिसायला देखणं, पण बूल तिथेही इन्टच्याच दारातून आत. त्याची वेगळी नोंदणी करून टाइपएरर फेकला तेव्हा थांबला. इथे एक कबुली देतो: या बाबतीत ते इझइन्स्टन्सपेक्षा बरं, कारण जवळचा टाइप तेच शोधतं, इफचा क्रम सांभाळावा लागत नाही. पण आर्ग्युमेंट (फंक्शनला द्यायचं मूल्य) नाव लिहून पाठवलं की एरर. माझ्या निम्म्या स्क्रिप्टमध्ये तसंच लिहिलंय. काढून टाकलं.

आता इनिट फक्त डेसिमल घेतो, दुसरं काही दिलं की ओरडतो. बाकी सगळं क्लासमेथडवर, म्हणजे वस्तू बनवून देणाऱ्या, क्लासवरच बोलवायच्या वेगवेगळ्या फंक्शनांवर: 'मजकुरातून', 'पैशांतून', 'एक्सेलच्या_घरातून'. पायथनमधली अशीच क्लासमेथड, डेटटाइमचं फ्रॉमटाइमस्टॅम्प, डिक्टचं फ्रॉमकीज, रोज वापरत होतो, तरी हे सुचायला सात महिने लागले. टायपिंग वाढलं. पण सरकलेली ओळ आता आयात करतानाच अडकते, काकांच्या दारापर्यंत जात नाही.

नाणं अजून मॉनिटरखाली आहे. ते जमा दाखवायचं की परत करायचं, हे खजिनदारांनी कळवलेलं नाही.