चित्र दिसते, पण आवाज येत नाही: ७२ ते ६० पिन अडॅप्टर

निन्टेन्डोच्या एनईएस या अमेरिकी व्हिडिओ गेम यंत्राच्या ७२ पिनांच्या कॅसेट त्याच कंपनीच्या १९८३ च्या, ६० पिनांच्या जपानी फॅमिकॉम यंत्रावर चालाव्यात, म्हणून मी हा अडॅप्टर ऑनलाइन मागवला. खेळ पहिल्याच झटक्यात सुरू झाला, रंगही स्वच्छ होते. मात्र टीव्हीचा आवाज पूर्ण वाढवूनही हलक्या खरखरीपलीकडे काहीच ऐकू येईना. मूळ जपानी कॅसेट लावताच संगीत व्यवस्थित वाजले, त्यामुळे यंत्र निर्दोष आहे हे कळले.

फॅमिकॉममध्ये आवाज थेट टीव्हीकडे जात नाही. तो ४५ क्रमांकाच्या पिनेतून कॅसेटमध्ये शिरतो आणि ४६ मधून परत येतो, कारण काही कॅसेटमधील जादा ध्वनिचिप आपले सूर त्यात वाटेतच मिसळत असे. (ही रचना मला आजही अतिशय सुंदर वाटते.) साध्या कॅसेटमध्ये या दोन पिना एकमेकींना जोडलेल्या असतात. एनईएसच्या कॅसेटमध्ये ही वाटच नसल्यामुळे ती जोडणी अडॅप्टरने करून द्यावी लागते, आणि नेमकी तीच येथे नव्हती: जोडणी असल्यास बीप देणारा मल्टिमीटर (विद्युत मोजमापाचे उपकरण) लावला तर बीप वाजला नाही.

नखाएवढी तार डाग देऊन बसवली आणि आवाज आला. प्लास्टिक मजबूत आहे, पिनांची पकडही घट्ट आहे. तरीही सोल्डरिंग येत नसलेल्यांनी हा अडॅप्टर घेऊ नये. जपानी कॅसेटचाच आवाज गेला असेल, तर आधी तिच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पाहाव्यात.