कॅपस्टोन : सेन्सरची कंपनी चालवून शिकायची स्ट्रॅटेजी

स्ट्रॅटेजीच्या पेपरात पाठ केलेल्या मॉडेलवर गुण मिळून जातात. पण भाव किती ठेवायचा, माल किती काढायचा आणि कर्ज किती उचलायचं, हे तिन्ही आकडे एकाच बैठकीत भरायला लावले की भल्याभल्यांची पंचाईत होते. शिकागोच्या कॅपसिम कंपनीचं ‘कॅपस्टोन’ हे सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर कंपनी चालवायचा खेळ, नेमकं तेच करायला लावतं. इथे विचार केलाय तो त्याच्या पाच सेगमेंटच्या (ग्राहकांच्या गटांच्या) नेहमीच्या आवृत्तीचा. खालचे आकडे मूळ सेटिंगचे आहेत. प्राध्यापक ते बदलू शकतात, म्हणून आपल्या वर्गाचा ‘इंडस्ट्री कंडिशन्स रिपोर्ट’, म्हणजे सुरुवातीचे आकडे देणारा अहवाल, आधी उघडून बघा.

कल्पना साधी आहे. सेन्सर बनवणाऱ्या एका मक्तेदार कंपनीचे सरकारने तुकडे केले आहेत. अँड्र्यूजपासून फेरिसपर्यंत सहा सारख्याच कंपन्या, प्रत्येकीकडे पाच उत्पादनं, वर्षाची विक्री साधारण १० कोटी डॉलर. एक फेरी म्हणजे एक वर्ष. फेऱ्या जास्तीत जास्त आठ.

या खेळाची खरी ताकद आहे ती गिऱ्हाइकाच्या मांडणीत. ‘ट्रॅडिशनल’ सेगमेंटमधला ग्राहक सगळ्यात जास्त बघतो ते उत्पादनाचं वय. त्याला ते दोन वर्षांचं हवं असतं आणि त्याच्या निवडीत वयाला ४७ टक्के वजन आहे. ‘लो एंड’वाला ५३ टक्के भाव बघतो आणि त्याला सात वर्षांचा, सरावाचा माल आवडतो. ‘हाय एंड’ला अगदी नवा माल लागतो. आता गंमत बघा. उत्पादनात सुधारणा केली की काम पुरं झालेल्या दिवशी त्याचं वय निम्मं होतं. ट्रॅडिशनलचं उत्पादन १ जानेवारीला ३.१ वर्षांचं आहे. सुधारणा जूनअखेर संपली तर ३.६ चे १.८ होतात आणि वर्षाअखेर वय २.३ वर येतं, म्हणजे ग्राहकाला हवं तिथेच. हाच प्रयोग लो एंडच्या ४.६ वर्षांच्या उत्पादनावर केला, तर ५.१ चे २.५५ होतात आणि सातची वाट बघणारा ग्राहक हातचा जातो. ‘सगळं अद्ययावत करून टाकू’ म्हणणारा गट पहिल्याच फेरीत इथे फसतो. काही न करणं हासुद्धा निर्णय असतो, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारी दुसरी रीत वर्गात सापडणं कठीण.

तरी बहुतेक गट बुडतात ते बाजारात नव्हे, रोकडीत. मार्केटिंगच्या पानावर संगणक स्वतःचा विक्रीचा अंदाज देतो आणि विद्यार्थी तोच आकडा आपला म्हणून भरतात. तो अंदाज स्पर्धक मध्यम वकुबाचे आहेत असं धरून काढलेला असतो. तुमच्या वर्गातला दुसरा गट काय करणार आहे, हे त्याला ठाऊक नसतं. स्वतःचा अंदाज काढणं अवघड नाही. ट्रॅडिशनलची सुरुवातीची मागणी ७३.८७ लाख नग आणि वाढ ९.२ टक्के, म्हणजे पुढच्या वर्षी साधारण ८०.६७ लाख. सहा कंपन्यांत सारखी वाटणी धरली तर प्रत्येकी १३.४ लाख. तुमचं उत्पादन बाकीच्यांपेक्षा सरस आहे की कच्चं, ते पाहून हा आकडा वर-खाली करायचा.

मग अंदाज एक नाही, दोन करायचे. वाईटात वाईट विक्री किती होईल तो आकडा मार्केटिंगच्या पानावर भरा. चांगल्यात चांगली विक्री किती होईल ती धरून, त्यातून शिल्लक माल वजा करून, उत्पादन ठरवा. आता प्रोफॉर्मा, म्हणजे वर्षाअखेरचा अंदाजित, ताळेबंद उघडा. माल पडून राहिला तरी रोकड शून्याच्या वर राहतेय का? राहत नसेल तर राहीपर्यंत आत्ताच कर्ज किंवा शेअर काढा. हे केलं नाही तर ‘बिग अल’ नावाचा सावकार आपोआप दाराशी येतो. तो चालू दरावर साडेसात टक्के जादा व्याज लावतो आणि शेअरचा भावही पडतो. नगामागे १५ डॉलर खर्चाचे ५ लाख नग गोदामात पडले, तर ७५ लाख डॉलर अडकतात आणि १२ टक्के साठवणखर्चाचे ९ लाख वेगळे जातात. नफ्यातली कंपनी पैशावाचून कशी अडते, हे समजायला याहून चांगला धडा नाही. खेळत्या भांडवलाचं महत्त्व कळायला हे एवढं एक गणित पुरे.

ऑटोमेशनचं गणितही नीट बसवलंय. १ ते १० अशी पट्टी आहे. एक अंक वाढवला की मजुरी सुमारे दहा टक्क्यांनी उतरते आणि क्षमतेच्या प्रत्येक नगामागे ४ डॉलर लागतात. लो एंडची १४ लाखांची लाइन ५ वरून ८ वर न्यायची तर १.६८ कोटी डॉलर मोजावे लागतात. फायदा पुढच्या वर्षापासून दिसतो, म्हणून हा खर्च दीर्घ मुदतीच्या बाँडमधूनच करावा. चालू कर्ज वर्षभरात फेडायचं असतं. हाय एंडची लाइन मात्र एवढी वर नेऊ नका. ऑटोमेशन वाढलं की सुधारणेला लागणारे दिवस वाढतात आणि तिथला ग्राहक दरवर्षी सुधारणा मागतो. शिवाय घेतलेली क्षमता विकायला गेलात तर डॉलरमागे ६५ सेंटच हाती येतात.

जाहिरातीवर फार लिहिण्यासारखं नाही. ग्राहकांमधली उत्पादनाची ओळख दरवर्षी एक तृतीयांशाने ओसरते, तेव्हा हात आखडता घेतला की पुढच्या वर्षी ते भोवतं.

आता उणं. उद्योजकता शिकवायला हे साधन चालत नाही, आणि ते त्यासाठी वापरलेलं पाहून वाईट वाटतं. इथे कंपनी आयती मिळते, माल आयता, ग्राहकाची आवड तर टक्क्यांत छापून मिळते. नवा धंदा काढणाऱ्याला नेमकी हीच माहिती नसते. ती मिळवणं हेच त्याचं पहिलं काम. आंतरराष्ट्रीय व्यापारासाठीही हे अपुरं आहे. दुसरा देश नाही, विनिमय दर नाही, जकात नाही. त्यासाठी फिनलंडच्या सेसिम कंपनीचं ‘ग्लोबल चॅलेंज’ घ्यावं. त्यात मोबाइल कंपनी अमेरिका, आशिया आणि युरोप अशा तीन बाजारांत विकते, कारखाना कुठे काढायचा आणि कोणतं काम बाहेरून करून घ्यायचं ते ठरवावं लागतं. आपल्याच उपकंपनीला माल कोणत्या भावाने द्यायचा, त्यावर कर किती बसतो, हेही तिथे कळतं.

कॅपस्टोन घेणाऱ्या प्राध्यापकांना एक विनंती. निदान दोन सराव फेऱ्या द्या आणि खेळ पुन्हा शून्यावर आणून मगच खऱ्या फेऱ्या सुरू करा. गटात एकाने आर अँड डी, दुसऱ्याने फायनान्स अशी कामं वाटली जातात, ते ठीक. पण तिसऱ्या फेरीपासून खुर्च्या बदलायला लावा. शेवटी कॉम्प-एक्सएम ही परीक्षा ठेवणार असाल तर ते फार गरजेचं आहे. तिथे प्रत्येकाला एकट्याने अख्खी कंपनी चालवायची असते, समोर संगणकाच्या कंपन्या असतात आणि संचालक मंडळाच्या प्रश्नांची उत्तरंही द्यावी लागतात. आठ फेऱ्या ज्याने फक्त जाहिरातीचे आकडे भरले, त्याला ताळेबंदाचं पान तिथे पहिल्यांदा उघडावं लागतं.