किनोसाकीतलं ऱ्योकान की कोयासानचं मंदिर?

जपानी पद्धतीने एक रात्र राहायचं, तर किनोसाकी या गरम झऱ्यांच्या गावातलं ऱ्योकान (पारंपरिक सराय) आणि कोयासान या डोंगरावरच्या बौद्ध मठवस्तीतलं मंदिर, हे दोन्ही पर्याय ओसाकाहून गाठता येतात. खोली जवळपास सारखीच: ताटामीवर (गवती चटईवर) अंथरलेली गादी, सरकते कागदी दरवाजे. भाडं माणशी, बहुतेकदा दोन वेळचं खाणं धरून.

खरा फरक ताटात. किनोसाकीत हिवाळ्यात खेकड्याची चंगळ असते. मासेखाऊंनी बिनधास्त तिथेच जावं. शाकाहाऱ्यांनी मात्र जपून. नुसत्या भाज्यांच्या सूपमध्येही बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो, आणि ऐनवेळी सांगून काही बदलत नाही. बौद्ध भिक्षू कूकाई यांनी 816 साली स्थापलेल्या कोयासानला भिक्षूंचं शोजिन, म्हणजे शाकाहारी, जेवण मिळतं. मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही, सूप कोम्बू (समुद्री शेवाळ) आणि शिताके अळंबीचं. तिळाचं मऊसूत गोमादोफू हे एकच कारण मला त्या डोंगरावर जायला पुरतं! पहाटेच्या प्रार्थनेलाही बसता येतं.

आंघोळीत किनोसाकी सरस. युकाता (सुती झगा) आणि लाकडी गेता (खडावा) घालून गावातली सार्वजनिक स्नानगृहं फिरायची. आधी अंग स्वच्छ धुवायचं, मग कपड्यांशिवाय कुंडात उतरायचं.

आई-बाबा सोबत असतील, तर दोन्हीकडे पलंगाची खोली आहे का, हे बुकिंगआधीच विचारा. जमिनीवरून उठताना गुडघे बोलतात.