दोन दिवस उभी राहिली की न उठणारी सेडान आणि डिकीतला बल्ब

मायलेज, एसी, डिकी किती लिटरची, हे सगळ्यांना पाठ आहे. त्यावर मी लिहीत नाही. माझ्या छोट्या पेट्रोल सेडानचं दुखणं वेगळं. बेळगावात टिळकवाडी ते उद्यमबाग रोज पळवली तर एका सेल्फमध्ये चालू. शुक्रवारी लावून रेल्वेनं पुण्याला गेलो की सोमवारी नुसतं टक-टक-टक.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी बघताक्षणी सांगितलं, "बॅटरी गेलीय सर, नवीन घाला." घातली. पुढच्या सुट्टीनंतर तीही झोपली. मग म्हणे स्टार्टर मोटर बदला! अहो, सेल्फ न फिरता टक-टक लागोपाठ येते ती बहुतेक बॅटरीत जोर नसतो किंवा टर्मिनल ढिलं असतं म्हणून. एकदाच दणकून 'टक्' होऊन गप्प बसली तर स्टार्टरवर संशय घ्या. आणि सेल्फ जोरात फिरूनही इंजिन पकडत नसेल, तर पेट्रोल पंप, प्लग, सेन्सर. एवढं कळायला कंपनीचा शर्ट लागत नाही.

तेव्हा लिहिलं असतं तर एकच स्टार दिला असता, तोही हॉर्नला. पण नंतर उद्यमबागेतल्या एका इलेक्ट्रिशियन मामांकडे गेलो आणि गाडीवरचा राग निम्मा उतरला. त्यांनी आधी मीटर लावला. गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट, चालू असताना १४ च्या वर, म्हणजे गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठणठणीत. मग निगेटिव्ह वायर सोडवून मध्ये मीटर जोडला, गाडी लॉक केली आणि चहा सांगितला. अर्ध्या तासानं बघितलं. लॉक गाडी साधारण ५० मिलिअँपच्या आत ओढते. आमची ४०० च्या वर ओढायला लागलेली. एकेक फ्यूज काढत गेले. आतल्या लाइटचा फ्यूज निघाला आणि आकडा खाली आला.

पण आतले लाइट तर बंदच होते! राहिला डिकीतला. मागची सीट दुमडत नाही, मग बघणार कसं? मोबाइलवर व्हिडिओ चालू करून आत ठेवला, डिकी लावली. बाहेर काढून बघतो तर आत लख्ख दिवाळी. चंदगडहून आणलेल्या भाताच्या पोत्यांतलं तूस डिकीच्या लॉकात बसलेलं, झाकण लावल्यावर लाइट बंद करणारा स्विच दाबलाच जात नव्हता.

हिशोब करा : ५ वॅटचा बल्ब म्हणजे १२ व्होल्टला साधारण ०.४ अँपिअर. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. कागदावर साडेतीन दिवस, पण सेल्फ फिरण्याइतका जोर त्याच्या बराच आधी संपतो. रोज पळणाऱ्या गाडीत हे कळतच नाही.

लॉक ब्रशनं साफ केलं, बल्बच्या जागी अर्ध्या वॅटचा एलईडी बसवला. मामांची मजुरी नव्या बॅटरीच्या जीएसटीपेक्षाही कमी. गाडीला चार स्टार. एक कापला तो डिकीचा लाइट चालू राहिला तर डॅशवर साधी खूणसुद्धा येत नाही म्हणून. सर्व्हिसचे स्टार मात्र जुनी बॅटरी परत मिळाल्यावर बघू. ती तपासूनच घेणार आहे, चार्ज केल्यावर सेल्फचा भार नीट पेलला तर बिल घेऊन काउंटरवर उभा राहणार.